पहिली प्रोग्रामिंग भाषा कोणती आणि किती शिकावी? : वाचकांचे प्रश्न

मराठवाड्यातील वाचकांकडून या वेळी एकाच विषयावर इतकी पत्रे आली आहेत की संपूर्ण सदर त्याच विषयाला देण्याचे ठरवले. संगणक क्षेत्रातील पहिल्या नोकरीसाठी कोणती भाषा शिकावी, ती कशी शिकावी आणि त्यासाठी किती खर्च करावा, हे प्रश्न सेलूपासून उदगीरपर्यंत सारख्याच तळमळीने विचारले गेले आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत आणि लांब पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षात आहे. महाविद्यालयात आम्हाला टर्बो सी वर सी भाषा शिकवली. पुण्यात नोकरीला असलेला आतेभाऊ पायथन शिक म्हणतो, वर्गमित्र जावाचा क्लास लावत आहेत आणि एक क्लासवाले म्हणतात की फुल स्टॅक (संकेतस्थळाची दिसणारी आणि मागची अशा दोन्ही बाजू बनवणे) आल्याशिवाय आता नोकरीच नाही. घरी शेती आहे. वडिलांनी मला एक वर्षाची मुदत दिली आहे. मी कोणती भाषा निवडू?
— एक विद्यार्थी, सेलू (जि. परभणी)

उत्तर : हाताशी एकच वर्ष असेल तर भाषा निवडण्यात आठवडाभरापेक्षा अधिक काळ घालवू नका. तुमच्या परिस्थितीत मी पायथन सुचवेन आणि तिच्या जोडीला एसक्यूएल, म्हणजे तक्त्यांत साठवलेली माहिती काढण्याची भाषा. कारणे सविस्तर देतो, म्हणजे आतेभावाशी आणि मित्रांशी बोलताना तुम्हाला ती पारखून घेता येतील.

तुम्ही ज्या भाषांची नावे ऐकत आहात त्या प्रत्येकीचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला आहे आणि आजही त्यांच्या नोकऱ्या त्या गरजेच्या आसपासच आढळतात. सी ही भाषा १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडवली. युनिक्स ही कार्यप्रणाली लिहिण्यासाठी ती वापरली गेली, त्यामुळे यंत्राच्या मेमरीशी थेट व्यवहार करायचा असेल तेथे, म्हणजे मोटारींतील नियंत्रक, वीजमीटर किंवा लहान उपकरणे यांत, ती अजूनही लागते. जावा १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने प्रसिद्ध केली. बँका, विमा आणि मोठ्या कार्यालयांच्या प्रणालींत तिच्यावर चालणारे काम प्रचंड आहे आणि ते सांभाळण्यासाठी माणसे लागतात. जावास्क्रिप्ट त्याच वर्षी नेटस्केपच्या ब्राउझरसाठी तयार झाली. नावातील साम्य सोडले तर तिचा जावाशी फारसा संबंध नाही, आणि संकेतस्थळाचा जो भाग आपल्याला पडद्यावर दिसतो तो तिच्यावाचून चालत नाही. पायथन गिडो व्हॅन रॉसम यांनी नेदरलँड्समध्ये विकसित केली आणि १९९१ साली प्रसिद्ध केली. माहितीचे विश्लेषण, सॉफ्टवेअरची चाचणी, रोजच्या कामांचे स्वयंचलन आणि संकेतस्थळांची मागची बाजू अशा अनेक ठिकाणी ती वापरली जाते.

नवशिक्यासाठी पायथनचा लाभ असा की तिच्यात पहिल्या दिवसापासून समजत नसलेले शब्द लिहावे लागत नाहीत. जावामध्ये एक ओळ छापायची तरी क्लास, मेथड, स्टॅटिक असे शब्द अर्थ न कळता उतरवून घ्यावे लागतात, आणि अर्थ न कळता लिहिण्याची सवय एकदा लागली की ती पुढे फार नडते. शिवाय मोठ्या कंपन्यांच्या प्रवेश-परीक्षांत कोडिंगचा भाग असतो तेव्हा बहुधा सी, सी प्लस प्लस, जावा किंवा पायथन यांपैकी आपली भाषा निवडण्याची मुभा असते, त्यामुळे पायथन शिकल्याने ते दार बंद होत नाही. तरीही एक अपवाद सांगतो. तुमचा जावाचा अभ्यास अर्ध्यावर आला असेल, किंवा तुमच्या महाविद्यालयात येणाऱ्या कंपन्या जावाच विचारत असतील, तर जावा पूर्ण करा. अर्धी सोडलेली भाषा मुलाखतीत काहीच कामाला येत नाही.

टर्बो सी विषयी स्पष्टच लिहितो. बोरलँड कंपनीचे हे साधन १९८७ सालचे आहे, डॉस या जुन्या कार्यप्रणालीसाठी बनवलेले आहे आणि आजच्या संगणकावर ते चालवायला डॉसबॉक्ससारखा आधार द्यावा लागतो. त्यावर शिकलेली क्लिअर स्क्रीनसारखी फंक्शने (ठरावीक काम करणारे प्रोग्रामचे तुकडे) सी भाषेच्या प्रमाणित रूपाचा भाग नाहीत, त्यामुळे बाहेरच्या संगणकावर तुमचा प्रोग्राम पहिल्याच ओळीला अडखळतो आणि विद्यार्थ्याला वाटते की आपल्यालाच काही येत नाही. आपल्या भागातील मुलांचा आत्मविश्वास अशा कारणाने खचावा, हे मला फार लागते. तुम्हाला सी चे पॉइंटर आणि ॲरे समजले असतील तर ते ज्ञान वाया गेलेले नाही. जीसीसी हा विनामूल्य कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारे साधन) घ्या, जुने प्रोग्राम त्यावर चालवून पाहा आणि जे अडेल ते दुरुस्त करा. आठवडाभराच्या या कामातून तुम्हाला सी सुद्धा आधीपेक्षा अधिक समजेल.

आता किती शिकावे हा प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही, पण माझ्या मते भाषेच्या निवडीहून तो मोठा आहे. प्रोग्राम चुकला असता चूक कोठे आहे हे कोणाला न विचारता शोधता आणि दुरुस्त करता येऊ लागले, म्हणजे भाषा आली. अभ्यासक्रमाची प्रकरणे संपली, व्हिडिओ पाहून झाले किंवा प्रमाणपत्र मिळाले यावरून ते ठरत नाही. मुलाखत घेणाराही नेमके हेच तपासत असतो. तो एक साधा प्रश्न देतो, तुमचे उत्तर थोडे चुकते आणि त्या पुढची पाच मिनिटे तुम्ही काय करता याकडे तो पाहतो.

ही क्षमता येण्यासाठी आपल्या परिचयाचा एकच विषय घेऊन तो महिनोन्महिने वाढवत न्यावा, असे मी सुचवतो. तुमच्या घरी शेती आहे, तर सोयाबीनची पट्टी घ्या. बाजार समितीत माल विकल्यावर हाती येणाऱ्या त्या कागदावर पोत्यांची संख्या, वजन, दर, हमाली, तोलाई आणि हाती येणारी रक्कम असते. सुरुवातीला एका शेतकऱ्याची पट्टी काढणारा प्रोग्राम लिहा : किलोंना १०० ने भागून क्विंटल, त्याला दराने गुणून एकूण रक्कम, त्यातून कपात. हे दहा ओळींत होते. परंतु वापरणाऱ्याकडून वजन विचारून घेतले की पहिली अडचण येते, कारण पायथन टाइप केलेली प्रत्येक गोष्ट मजकूर म्हणून स्वीकारते. १२ आणि १५ या दोन पोत्यांची बेरीज २७ न येता १२१५ येते, कारण दोन मजकूर एकापुढे एक जोडले गेलेले असतात. मजकुराचे संख्येत रूपांतर करायला तुम्ही तेथे शिकाल आणि ते कायमचे लक्षात राहील.

त्यानंतर कोणी दर लिहिताना हजाराच्या पुढे स्वल्पविराम देईल आणि प्रोग्राम बंद पडेल. कोणी दराची जागा रिकामी सोडेल, तेव्हाही पडेल. (देवनागरी अंकांत ४५०० लिहिले तर मात्र पायथन त्याचे संख्येत बिनचूक रूपांतर करते, हे पाहून तुम्हाला आनंद होईल.) मग अशा नोंदी पकडून पुन्हा विचारणारा भाग लिहावा लागेल. दशांश अपूर्णांकांचा हिशेब करताना ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, तिच्या मागे दूरच्या स्थानावर एक अंक उरतो, हेही एक दिवस दिसेल. संगणक हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि तेथे ते पूर्ण बसत नाहीत, म्हणून असे होते. रुपयांचे हिशेब पैशांच्या पूर्णांकांत किंवा डेसिमल या खास प्रकारात का ठेवतात, याचे उत्तर तुम्हाला तेथे मिळेल, आणि मुलाखतीत हे अनुभवातून सांगणारा उमेदवार वेगळा उठून दिसतो.

एक पट्टी नीट निघू लागली की लूप (तीच कृती पुन्हापुन्हा करणारी रचना) लावून अनेक शेतकऱ्यांच्या काढा. गणिताचा भाग फंक्शनमध्ये वेगळा करा. नोंदी फाइलमध्ये साठवा. फाइल अपुरी पडू लागली की एसक्यूलाइट ही छोटी डेटाबेस प्रणाली वापरा, जी पायथनबरोबरच येते आणि वेगळी बसवावी लागत नाही. येथून एसक्यूएल सुरू होते. १९७० साली एडगर कॉड यांनी मांडलेल्या तक्त्यांच्या सिद्धांतावर ही भाषा उभी आहे आणि माहितीशी संबंधित जवळपास प्रत्येक नोकरीत तिच्याविषयी विचारतात. शेतकऱ्यांचा एक तक्ता आणि पट्ट्यांचा दुसरा तक्ता करा. दोन्ही जोडून यादी काढली की ज्या शेतकऱ्याने अजून माल विकलेला नाही त्याचे नाव यादीतून गायब झालेले दिसेल. ते का गेले आणि लेफ्ट जॉइन (पहिल्या तक्त्यातील सर्व नोंदी राखणारी जोडणी) लावल्यावर ते का परत आले, हे ज्याला आपल्या शब्दांत सांगता येते त्याला जॉइन समजले असे मी मानतो. याच काळात गिट (प्रोग्राममधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन) शिकून घ्या आणि केलेले काम गिटहब या संकेतस्थळावर ठेवत जा, कारण काम कसे वाढत गेले हे त्यावर तारखेनिशी दिसते.

फुल स्टॅकविषयी इतकेच सांगतो की त्यात जावास्क्रिप्ट, एक सर्व्हरची भाषा, डेटाबेस आणि त्यांवरील अनेक साधने येतात. चार महिन्यांत त्या सर्वांची तोंडओळख होते आणि हातात एकही येत नाही. पायथन आणि एसक्यूएल पक्के झाल्यावर तुम्हाला संकेतस्थळांचे काम आवडले तर जावास्क्रिप्टकडे वळा. तेव्हा ती पहिल्या भाषेच्या निम्म्याहून कमी वेळात येईल, कारण अट, पुनरावृत्ती, फंक्शन आणि यादी या कल्पना तुम्हाला पुन्हा शिकाव्या लागणार नाहीत.

प्रश्न : माझ्याकडे लॅपटॉप नाही, फक्त अँड्रॉइड मोबाइल आहे. गावात वीज वेळेवर नसते आणि नेटही अधूनमधून जाते. अशा स्थितीत शिकायला सुरुवात करावी की लॅपटॉप मिळेपर्यंत थांबावे?
— एक विद्यार्थिनी, कळमनुरी तालुका (जि. हिंगोली)

उत्तर : थांबू नका. पायड्रॉइड ३ हे ॲप मोबाइलवर एकदा उतरवले की पायथनचे प्रोग्राम नेटशिवाय लिहिता आणि चालवता येतात. गूगल कोलॅब ब्राउझरमध्ये चालते, पण त्याला नेट लागते, म्हणून ते तुमच्यासाठी दुसऱ्या पसंतीचे. मोबाइलच्या पडद्यावरील कळफलकावर कंस आणि अवतरणचिन्हे शोधण्यात वेळ जातो. ओटीजी जोडणीने साधा यूएसबी कळफलक लावला तर तो त्रास जातो, आणि लॅपटॉपच्या मानाने तो खर्च अगदी किरकोळ आहे.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पाचे अनेक धडे मराठीतही ऐकायला मिळतात. प्रत्येक धडा काही मिनिटांचा असतो आणि तो उतरवून ठेवला की नेट नसतानाही पाहता येतो. नेट असलेल्या दिवशी आठवड्याभराचे धडे उतरवून ठेवावेत.

वीज नसतानाचा वेळ वाया गेला असे समजू नका. वहीत प्रोग्राम लिहा, बाजूला प्रत्येक व्हेरिएबलसाठी, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावासाठी, एक रकाना आखा आणि एकेक ओळ स्वतः चालवत त्या रकान्यांत किमती बदलत जा. याला ड्राय रन म्हणतात. जे विद्यार्थी हे करतात त्यांना लूपमध्ये एक फेरा कमी का पडला हे पटकन दिसते, कारण पायथनमध्ये १ ते १० असा पल्ला सांगितला की मोजणी ९ वर थांबते, आणि ही गोष्ट डोळ्यांपेक्षा पेन्सिलीने लवकर पटते. लेखी चाचणीतही असेच प्रोग्राम देऊन त्यांचे उत्तर काय येईल हे विचारतात.

पहिले दोन-तीन महिने मोबाइलवर निभावतात. एकाहून अधिक फाइली, डेटाबेस आणि गिट यांची वेळ आली की मात्र संगणक हवा. तोवर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तासांव्यतिरिक्त बसू देण्याची लेखी विनंती प्राचार्यांना करा, आणि दोन-तीन मैत्रिणींनी मिळून केली तर ती नाकारणे त्यांना अवघड जाईल. जुना लॅपटॉप घेण्याचा विचार असेल तर प्रोसेसरच्या नावापेक्षा ८ जीबी रॅम आणि एसएसडी या दोन गोष्टी पाहा आणि त्यावर उबंटू किंवा लिनक्स मिंट ही विनामूल्य कार्यप्रणाली बसवा.

प्रश्न : माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. प्रोग्राम समजतो, पण इंग्रजीतील एरर दिसली की घाबरायला होते. इंग्रजी सुधारल्यावरच प्रोग्रामिंग शिकावे का?
— एक वाचक, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : नाही, दोन्ही बरोबरच चालू द्या. पायथनमध्ये राखीव शब्द अवघे ३५ आहेत आणि एररची नावे तर त्याहून थोडी नेहमी भेटतात. सिंटॅक्स एरर म्हणजे वाक्याची रचना चुकली, बहुधा कंस, अवतरणचिन्ह किंवा ओळीच्या शेवटचा विसर्गचिन्हासारखा कोलन राहिला. नेम एरर म्हणजे ज्या नावाला अजून किंमतच दिलेली नाही ते वापरले. टाइप एरर म्हणजे न जुळणाऱ्या प्रकारांवर क्रिया केली, जसे मजकुरात संख्या मिळवणे. व्हॅल्यू एरर म्हणजे प्रकार योग्य, पण आतील किंमत चालण्यासारखी नाही. इंडेक्स एरर म्हणजे यादीत नसलेल्या स्थानावरची वस्तू मागितली.

एररचा मजकूर वाचण्याची एक रीत आहे आणि ती शिकवली जात नाही याचे मला वाईट वाटते. पायथनचा तो लांब मजकूर खालून वर वाचावा. शेवटच्या ओळीत चूक कोणत्या प्रकारची आहे ते आणि तिचे कारण असते, तिच्या वर ज्या ओळीत प्रोग्राम थांबला ती ओळ आणि तिचा क्रमांक असतो. त्या दोन ओळी वहीत उतरवा, शेजारी मराठीत अर्थ लिहा आणि दुरुस्ती काय केली तेही लिहा. अशी वही महिनाभर ठेवली की तीच ती वाक्ये पुन्हापुन्हा येताना दिसतात आणि भीती आपोआप ओसरते.

मराठीची अडचण वाटण्याचे कारण नाही, उलट काही गोष्टी तुम्हाला इतरांहून लवकर दिसतील. पायथन ३ मध्ये मराठी मजकूर सरळ लिहिता येतो आणि व्हेरिएबलचे नाव देवनागरीत ठेवले तरी चालते, मात्र प्रोग्रामच्या ओळीत थेट लिहिलेली संख्या इंग्रजी अंकांतच असावी लागते. ‘नमस्कार’ या शब्दाची लांबी विचारली तर पायथन ७ सांगते, कारण ती हलन्ताचे चिन्ह आणि काना यांनाही स्वतंत्र मोजते. मराठी नावांची यादी हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये यामुळे रकाने कसे बिघडतात हे तुम्ही अनुभवाने सांगू शकाल. नोकरीतील कामात मात्र नावे इंग्रजीतच द्या, कारण तो प्रोग्राम इतरही वाचणार असतात.

मुलाखतीपुरते इंग्रजी वेगळे तयार करावे लागते. आपल्या प्रकल्पाची माहिती साध्या इंग्रजीत दहा-बारा वाक्यांत लिहा, शिक्षकांकडून तपासून घ्या आणि रोज एकदा मोठ्याने म्हणा, पण पाठ करू नका. मधल्याच एखाद्या वाक्यावर प्रश्न आला की पाठांतर करणारा थांबतो.

प्रश्न : आता कृत्रिम बुद्धिमत्ता सांगितल्याबरोबर प्रोग्राम लिहून देते. मग भाषा शिकण्यात वर्ष घालवण्यात अर्थ आहे का?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले तेव्हापासून हा प्रश्न प्रत्येक वर्गात विचारला जातो, आणि तो योग्यच आहे. नवख्यांना पूर्वी दिली जाणारी काही सोपी, साचेबद्ध कामे आता ही साधने करू शकतात. त्यामुळे नवख्याकडूनही दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम वाचून त्यातील चूक ओळखण्याची अपेक्षा वाढली आहे, असे माझे मत आहे. ही साधने लिहून देतात तो प्रोग्राम दिसायला नेहमी नीटनेटका असतो, मग तो बरोबर असो की चूक. वर सांगितलेल्या पट्टीचा प्रोग्राम एखाद्याने अशा साधनाकडून लिहून घेतला आणि त्यात हमाली क्विंटलमागे धरली की पोत्यामागे, हे पाहिलेच नाही, तर प्रत्येक शेतकऱ्याची रक्कम चुकेल आणि प्रोग्राम मात्र कोठेही अडखळणार नाही. ती चूक पकडायला भाषाही यावी लागते आणि हिशेबही कळावा लागतो.

शिकण्याच्या पहिल्या काही महिन्यांत उत्तर मागण्यासाठी हे साधन वापरू नका. किमान अर्धा तास स्वतः झगडल्यावर एररचा अर्थ विचारा, किंवा आपला प्रोग्राम कोणत्या नोंदींवर पडेल ते विचारा आणि त्या नोंदी स्वतः देऊन पाहा. उतरवून घेतलेल्या प्रत्येक ओळीचे कारण तुम्हाला सांगता आले पाहिजे. मुलाखतीच्या खोलीत ते साधन तुमच्याजवळ नसते.

प्रश्न : माझ्या मुलीने बी.सी.ए. केले आहे. एका क्लासने शंभर टक्के नोकरीची हमी देऊन ऐंशी हजार रुपये फी सांगितली आहे आणि हप्त्यांची सोयही करून देतो म्हणतात. मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे, म्हणून कर्ज काढावे का?
— एक पालक, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर : ताई, कर्ज काढून ही फी भरू नका. ज्याला ‘हप्त्यांची सोय’ म्हणतात ते बहुधा एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज असते आणि ते विद्यार्थ्याच्या किंवा पालकांच्या नावावर निघते. क्लासला पूर्ण पैसे सुरुवातीलाच मिळतात, आणि पुढे क्लास आवडला नाही किंवा बंद पडला तरी हप्ते तुम्हालाच भरावे लागू शकतात. सही करण्यापूर्वी तो करारनामा घरी आणून शांतपणे वाचा. जाहिरातीत ‘हमी’ असते आणि करारात अनेकदा ‘मुलाखती मिळवून देण्यास साहाय्य’ एवढेच लिहिलेले असते. पैसे परत मिळण्याची अट लेखी मागा. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांशी बोला, पण क्लासने निवडून दिलेल्यांशी नव्हे, मुलीच्या महाविद्यालयातून शोधलेल्यांशी. आणि नोकरी देण्यासाठी कोणी थेट पैसे मागितले तर तेथेच थांबा, कारण प्रतिष्ठित कंपन्या उमेदवाराकडून भरतीसाठी पैसे घेत नाहीत आणि तसे त्या जाहीरपणे सांगतात.

शिकवणी हवीच असेल तर कमी खर्चाचे आणि विश्वासाचे मार्ग उपलब्ध आहेत. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवर आयआयटीतील प्राध्यापकांचे पायथन, जावा, सी आणि डेटाबेसचे अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात, आणि प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे माफक शुल्क भरावे लागते. केंद्र सरकारच्या नाइलिट या संस्थेचे केंद्र छत्रपती संभाजीनगर येथे आहे आणि तिच्या ओ लेव्हल अभ्यासक्रमात पायथनचा स्वतंत्र विषय आहे. मुलीला पुढे शिकण्याची इच्छा असेल तर आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्समधील ऑनलाइन बी.एस. पदवीची माहिती घ्या. त्यासाठी जेईई लागत नाही, त्यांचीच पात्रता प्रक्रिया पार करावी लागते आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना शुल्कात सवलत मिळते.

क्लासचा एक खरा उपयोग असतो, तो म्हणजे नियमितपणा आणि सोबत. तो हवा असेल तर मुलीच्या दोन-तीन मैत्रिणींनी रोज ठरावीक वेळी एकत्र बसून एकमेकींचे प्रोग्राम तपासावेत. आपला प्रोग्राम दुसरीला समजावून सांगताना जी चूक सापडते ती एकटीला सापडत नाही. मुलीने घराबाहेर जाऊन अभ्यास करण्यासाठी तुम्ही तिला रोजचे दोन तास मोकळे करून देऊ शकलात, तर त्या फीपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

प्रश्न : मी आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे आणि वाळूजच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. पीएलसीच्या (कारखान्यातील यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाच्या) कामाकडे जायचे आहे. पायथन शिकू का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आधी लॅडर, म्हणजे पीएलसीचा प्रोग्राम आकृतीने लिहिण्याची भाषा, शिका. रिले आणि कॉन्टॅक्टरची वायरिंग तुम्हाला वाचता येत असल्याने लॅडरची आकृती तुम्हाला संगणकशास्त्राच्या पदवीधराहून लवकर समजेल. त्यानंतर स्ट्रक्चर्ड टेक्स्ट घ्या, जी लिहिण्याची पद्धत अट आणि लूप असलेल्या नेहमीच्या भाषांसारखीच आहे. यंत्रांवरील नोंदी गोळा करून त्यांचे तक्ते बनवण्याची वेळ आली की पायथन कामाला येईल, पण तुमच्या वाटेवर ती तिसऱ्या क्रमांकावर आहे.

प्रश्न : मी पदवीनंतर काही वर्षे स्पर्धा परीक्षांची तयारी केली, यश आले नाही. वय २९ आहे. एम.एस.-सी.आय.टी. झालेले आहे. आता संगणक क्षेत्रात प्रवेश मिळेल का, की उशीर झाला?
— एक वाचक, बीड

उत्तर : प्रवेश मिळू शकतो, पण मार्ग थोडा वेगळा आहे आणि तो आधीच माहीत असलेला बरा. मोठ्या कंपन्यांच्या नवख्यांसाठीच्या भरतीत उत्तीर्ण होण्याचे वर्ष आणि शिक्षणातील खंड यांच्या अटी पुष्कळदा असतात, त्यामुळे त्या जाहिरातींवर आशा ठेवून बसू नका. लहान कंपन्या, कारखान्यांचे एमआयएस (कामकाजाचे अहवाल बनवणारे) विभाग, लेखा आणि ईआरपी (संपूर्ण कंपनीचे व्यवहार एकत्र सांभाळणारे) सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या संस्थांतील साहाय्य विभाग आणि सॉफ्टवेअर चाचणीची कामे येथे या अटी तुलनेने सैल असतात. एम.एस.-सी.आय.टी. हे संगणक वापरण्याचे प्रशिक्षण आहे, प्रोग्रामिंगचे नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका.

तुम्ही एक्सेल खोलवर शिका, नंतर एसक्यूएल आणि त्यानंतर पायथन, म्हणजे सेलूच्या विद्यार्थ्याला सुचवलेल्या क्रमाच्या उलट. एमआयएसच्या कामात पहिल्या दिवसापासून एक्सेल लागते. रोज वेगवेगळ्या विभागांकडून येणाऱ्या फाइली एकत्र करून एक अहवाल बनवणे हे तेथील नित्याचे काम असते आणि तेच काम पायथनच्या पन्नास ओळींत आपोआप होऊ शकते. ते एकदा करून दाखवले की वरिष्ठांना तुमचा उपयोग समजतो.

स्पर्धा परीक्षांच्या तयारीत बुद्धिमत्ता चाचणी आणि अंकगणित यांचा जो सराव झाला आहे तो येथे थेट उपयोगी पडतो, कारण कंपन्यांच्या चाळणी परीक्षेचा पहिला भाग त्याच स्वरूपाचा असतो आणि अनेक अभियंते तेथेच मागे पडतात. गेलेली वर्षे बायोडेटामध्ये लपवू नका. ‘राज्यसेवा परीक्षेची तयारी’ असे वर्षांसह एका ओळीत लिहा आणि तिच्या खाली गेल्या सहा महिन्यांत केलेले काम लिहा. मुलाखतीत खंडाविषयी विचारले तर दोन वाक्यांत सांगून कामाकडे वळा. मुलाखती सुरू करण्याआधी तो अहवालाचा प्रोग्राम ओळखीच्या एखाद्या दुकानासाठी, दूध संकलन केंद्रासाठी किंवा पतसंस्थेसाठी त्यांच्या परवानगीने प्रत्यक्ष बनवून काही आठवडे चालू द्या. लोक तो रोज वापरू लागल्यावर काय बिघडले आणि तुम्ही ते कसे दुरुस्त केले, याची तारीखवार नोंद ठेवा आणि मुलाखतीला जाताना ती वही बरोबर न्या.